बेचाळीस टक्क्यांवर थांबलेला सातबारा

परवा हिवरे बाजारला जाऊन आलो. नगरकडच्या माणसाला यात नवीन काही नाही. बाहेरगावचे पाहुणे आले की शिर्डी, शिंगणापूर आणि हिवरे बाजार ही फेरी ठरलेलीच असते. या वेळी बरोबर ग्रामपंचायतीत काम करणारी चार-पाच मंडळी होती. त्यातला एक माझा जुना मित्र, ग्रामसेवक. (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात अजून ग्रामसेवकच बसलंय.) दिवसभर डोंगरावरचे चर बघितले, झाडी बघितली, पाण्याचा ताळेबंद समजून घेतला. परतीच्या वाटेवर गाडीत मित्र मला म्हणाला,

"दादा, आमच्या ऑफिसचा कॉम्प्युटर लय स्लो झालाय. नमुना आठचा उतारा काढायला बसलं की माणूस चहा पिऊन येतो तरी निघत नाही. डिफ्रॅग मारू का?"

सगळे हसले, मीही हसलो. मग गप्प झालो. कारण हा "डिफ्रॅग मारा" नावाचा उपाय नगर जिल्ह्यातल्या कितीतरी कार्यालयांत मीच पोचवलेला आहे. १९९८ पासून अकरा वर्षं माझं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. सरकारी, निमसरकारी, पतसंस्था, शाळा, जिथे वार्षिक देखभालीचं कंत्राट मिळेल तिथे मी जायचो आणि गेल्या गेल्या पहिलं काम डिफ्रॅगचं करायचो. मित्राला गाडीत जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. उरलेलं इथे लिहितो. लांबेल, पण कार्यालयात बसणाऱ्यांच्या आणि कार्यालयाबाहेर रांगेत उभे राहणाऱ्यांच्या, दोघांच्याही कामाचं आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक गोल तबकडी गरागरा फिरते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी आत-बाहेर सरकते, ग्रामोफोनसारखी. माझ्या दुकानाच्या काळात या तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घ्यायच्या. म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा. दांडीला योग्य जागी जायला सरासरी १० मिलिसेकंद, मग तबकडीवरचा नेमका भाग फिरून खाली यायला सरासरी अर्धा फेरा. धरून चाला, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला १५ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, म्हणून कोणाला हे जाणवत नाही.

आता आठ एमबीची एक फाइल घ्या. ती सलग ठेवलेली असेल तर दांडी एकदा जागेवर जाते आणि एखाद्या सेकंदात सगळी वाचून काढते. पण तीच फाइल चार-चार केबीच्या दोन हजार तुकड्यांत तबकडीभर विखुरलेली असेल तर? दोन हजार वेळा १५ मिलिसेकंद म्हणजे ३० सेकंद. फाइल तीच, यंत्र तेच. फक्त पसारा.

हा पसारा होतो कसा? डॉस आणि विंडोज ९८ च्या काळात डिस्कवरचा हिशोब 'फॅट' नावाच्या तक्त्यात ठेवला जायचा. कोणत्या फाइलचा पुढचा तुकडा कुठे, एवढंच त्यात असायचं. नवीन काही साठवायचं झालं की दिसेल त्या मोकळ्या जागेत टाक, उरलेलं पुढच्या मोकळ्या जागेत टाक. जुनी फाइल पुसली की मध्ये खड्डा. त्या खड्ड्यात नवीन फाइलचं शेपूट. जिथे दिवसभर नोंदी घातल्या जातात, दुरुस्त होतात, पुसल्या जातात, तिथे वर्षभरात डिस्कची गोधडी होते. आणि कार्यालय म्हणजे दुसरं काय असतं?

हे दुखणं खरं होतं आणि त्यावरचा उपायही खरा होता. नॉर्टनचं स्पीड डिस्क गाजलं, मग मायक्रोसॉफ्टने १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबर डिफ्रॅग हा प्रोग्रॅम दिला, तोही सिमॅन्टेककडून परवान्याने घेतलेला. मोठ्या संगणकांच्या जगात त्याआधीपासूनच डिस्ककीपर नावाचं उत्पादन विकलं जात होतं. ते विकणाऱ्या कंपनीचे संस्थापक क्रेग जेन्सन यांनी तर तुकडे पडण्याची अवस्था, कारण आणि उपचार असं वैद्यकाच्या थाटातलं नाव देऊन एक आख्खं पुस्तक लिहिलं. ज्याचं औषध विकायचं त्याचा रोग आधी गाजवावा लागतो, हे औषधवाल्यांना कोणी शिकवायला नको. पुढे विंडोज २००० मध्ये जी डिफ्रॅगची सोय आली, ती याच डिस्ककीपरची छोटी आवृत्ती होती.

आमच्याकडे हे ज्ञान आलं ते क्लासमधून. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झालं आणि गावोगावच्या पोरापोरींनी बूट-चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत पहिल्यांदा माऊस हातात धरला. सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागू लागलं तसे चाळिशी-पन्नाशीचे कारकूनही वर्गात येऊन बसले. सिस्टिम टूल्समध्ये तीन नावं पाठ करायची: स्कॅनडिस्क, डिस्क क्लीनअप, डिस्क डिफ्रॅगमेंटर. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ज्ञान श्रद्धेत फार लवकर बदलतं. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच वेळा रिफ्रेश करणारी माणसं आजही सापडतात. विचारलं की म्हणतात, "तेवढंच जरा मोकळं होतं."

शिवाय विंडोज ९८ चं डिफ्रॅग बघायला फार सुंदर होतं. पडदाभर रंगीत चौकोन, एकेक उचलून जागेवर बसतोय, विखुरलेलं सगळं हळूहळू एका बाजूला गोळा होतंय. माझं गिऱ्हाईक खुर्ची ओढून बघत बसायचं. कोणी काहीतरी काम करतंय असं डोळ्यांना दिसत होतं, आणि सरकारी कार्यालयात हे सुख दुर्मीळ. त्यात एक खोड होती. मध्येच कुठल्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं, अगदी स्क्रीनसेव्हर जरी जागा झाला, की डिफ्रॅग म्हणायचं डिस्कवरचा मजकूर बदललाय, आणि पहिल्यापासून सुरू. पहिल्यापासून म्हणजे खरंच शून्य टक्क्यांपासून.

त्यात आमचं भारनियमन. गावाकडे त्या काळात लाइट जायची वेळ सगळ्यांना पाठ असायची, पण ती पाळायचं बंधन लाइटवर नव्हतं. डिफ्रॅग चालू असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली (ती मेलेलीच असायची), की पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क यायचं. कधी कधी ते सांगायचं की दोन फाइली एकमेकींत गुंतल्या आहेत, क्रॉस-लिंक्ड आहेत. म्हणजे तक्त्यानुसार डिस्कवरचा एकच तुकडा दोघींच्या मालकीचा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

साल २००४. एका तालुक्याच्या ठिकाणच्या कार्यालयात संगणकीय सातबारा मिळायला लागला होता. तिथल्या यंत्राच्या देखभालीचं काम माझ्याकडे होतं. तक्रार आली, मशीन फार हळू चालतं. मी गेलो, नेहमीप्रमाणे सकाळी साडेदहाला डिफ्रॅग लावलं आणि पडद्याजवळ चिठ्ठी चिकटवली: "यंत्र वापरू नये." बारा वाजता ते बेचाळीस टक्क्यांवर होतं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. सोसायटीचं पीककर्ज होतं, सातबारा त्याच दिवशी हवा होता. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आता मध्येच थांबवलं तर सगळं परत करावं लागेल. बाबा, उद्या या."

म्हातारा भांडला नाही. नुसतं विचारलं, "यंत्र कशात गुंतलंय?" मी सांगितलं, आतले तुकडे जोडतंय. तो म्हणाला, "आमच्याबी रानाचं तसंच झालंय. जोडून झालं की सांगा." आणि एसटी गाठायला निघून गेला. एक दिवसाची मजुरी, जाण्या-येण्याचं तिकीट, आणि सोसायटीत परत एक खेप.

डिफ्रॅग संध्याकाळी संपलं. दुसऱ्या दिवशी यंत्र जरा बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार.

मला तेव्हाच ठाऊक होतं की त्या मशीनमध्ये फक्त ६४ एमबी रॅम आहे. विंडोज, त्यावर मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्यावर अँटिव्हायरस, त्यावर नोंदींचा प्रोग्रॅम. रॅम पुरत नव्हती म्हणून विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरत होतं, सतत इकडून उचल, तिकडे ठेव. डिस्कचा लाल दिवा विझायचाच नाही. तुकडे होतेच, नाही असं नाही. पण ते जोडल्याने फरक पडायचा तो चार दिवसांचा. खरा उपाय म्हणजे रॅमची एक पट्टी, तेव्हाच्या भावाने दीडेक हजारांची.

मग ती का बसवली नाही? कारण सोपं आहे. देखभालीच्या हेडखाली सर्व्हिसिंगला पैसे होते. पट्टी म्हणजे खरेदी. खरेदीला प्रस्ताव, तीन दरपत्रकं, वरून मंजुरी. मी एकदा तोंडी सुचवलं, साहेब म्हणाले बघू. मी पुन्हा विषय काढला नाही, कारण डिफ्रॅगच्या प्रत्येक भेटीची नोंद माझ्या सर्व्हिस रजिस्टरला होत होती आणि बिल निघत होतं. यंत्र एकदाचं बरं झालं असतं तर माझ्या फेऱ्या कमी झाल्या असत्या. हा हिशोब मी त्या वेळी मनात इतका स्पष्ट मांडला होता का? नसेल. पण वागलो त्याप्रमाणेच.

त्या म्हाताऱ्याचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. दुकान बंद केल्यावर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की तो सहज बोललेला नव्हता.

जमिनीचे तुकडे आणि ते जोडण्याचा उपाय ही आपल्याकडची शंभर वर्षांहून जुनी चर्चा आहे. डॉ. हॅरोल्ड मान हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले. त्यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला, तेव्हा ते खेडं होतं. आज तिथे टॉवर आहेत. त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये तिथली सरासरी शेती ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, आणि तीही एका जागी नाही. सरकारी वर्तुळात उपाय ठरला: तुकडे एकत्र करा, पुढे तुकडे पाडायला बंदी करा.

१९१८ मध्ये सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेब आंबेडकरांनी याच विषयावर एक लेख लिहिला, भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यांवरचे उपाय. संविधानकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, अर्थतज्ज्ञ म्हणून कमी वाचतो. हा लेख मिळवून वाचाच. विखुरलेली जमीन एकत्र करणं आणि शेतीचा आकार वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आधी वेगळं काढलं. मग मूळ गृहीतकालाच हात घातला. शेत लहान आहे की मोठं हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर लावायला भांडवल, अवजारं, बैल किती आहेत यावर ठरतं. आपल्या शेतकऱ्याकडे अवजारं इतकी तुटपुंजी आहेत की त्या मानाने त्याची जमीन लहान नव्हे, उलट मोठीच म्हणावी लागेल. आणि जमिनीवर जगणाऱ्यांची गर्दी कमी व्हायची तर उद्योग वाढले पाहिजेत. तुकडे हे लक्षण आहे, रोग दुसरीकडे आहे, असा त्याचा सारांश मी करतो. पुढे १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान जमिनींचं विधेयक आलं तेव्हा त्याला त्यांनी विरोधच केला.

हे वाचताना मला ती ६४ एमबीची रॅम आठवली, आता काय करणार! तुकडे जोडायला मजुरी सोडून काही लागत नाही. भांडवल घालायचं म्हटलं की मंजुरी लागते.

कायदा शेवटी १९४७ मध्ये झालाच, ज्याला आपण तुकडेबंदी म्हणतो. त्याचे दोन भाग. एक, ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही. दोन, आहेत ते एकत्र करायचे. एकत्रीकरण ज्या गावांत झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल तर तुमच्या गावाचं डिफ्रॅग झालेलं आहे असं समजा.

आणि इथे तो क्रॉस-लिंक्ड शब्द. डिस्कवर तुकडा हलवला की तक्त्यातली नोंदही त्याच वेळी बदलावी लागते. एक झालं आणि दुसरं राहिलं तर फाइल गेली. गावात कागदावर गट झाले, नकाशे झाले, पण कित्येक ठिकाणी माणसं जागची हलली नाहीत. वहिवाट जुन्या बांधावर, नाव नव्या गटावर. माझ्या नावची जमीन तू कसतोस, तुझ्या नावची मी. बाप होते तोवर समजुतीने चाललं. मुलांच्या पिढीत कोर्टात गेलं. अखेर जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारला सलोखा योजना आणावी लागली: बारा वर्षांपासून एकमेकांची जमीन कसत असलेल्या शेतकऱ्यांनी राजीखुशीने अदलाबदल करावी, नाममात्र एक हजार मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर हे स्कॅनडिस्क आहे, पन्नासेक वर्षांनी चालवलेलं. तुकडेबंदीचंही तेच. लोक गुंठागुंठ्याने घेत-विकत राहिले, आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात एक गुंठ्यापर्यंतचे असे व्यवहार नियमित करण्याची घोषणा सरकारला करावी लागली.

असो. जमिनीवर फार रेंगाळलो. पण सातबाऱ्याच्या रांगेत उभा असलेला माणूस आणि खिडकीमागची डिस्क यांचं दुखणं एकाच नावाचं होतं, ही गंमत मला सोडवत नाही.

यंत्रांच्या बाजूला मात्र इतिहास वेगाने सरकला. नवीन विंडोजमध्ये फॅटच्या जागी एनटीएफएस आलं, त्याची ठेवण्याची पद्धत जास्त शहाणी. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि डिफ्रॅग आपोआप होऊ लागलं, आठवड्यातून एकदा, बुधवारी रात्री एक वाजता. अमेरिकेतल्या कोणाला तरी वाटलं असावं की त्या वेळी यंत्र चालू आणि रिकामं असतं. आमच्या कार्यालयांत संध्याकाळी सहाला शिपाईमामा मेन स्विच खाली ओढतात. मग राहिलेलं काम पुढे यंत्र रिकामं सापडेल तेव्हा, म्हणजे बाई जेवायला गेल्या की. रंगीत चौकोनही व्हिस्टाने काढून टाकले. त्याची हळहळ मला माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडून ऐकावी लागली.

त्याच आवृत्तीत आणखी एक बदल झाला, जो कोणाच्या लक्षात आला नाही. ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायचेच नाहीत असं ठरवलं गेलं. का? कारण ६४ एमबी वाचायलाच सेकंदभर लागतो; तिथे दांडीचे १५ मिलिसेकंद वाचवून काय उपयोग? तुकडेबंदीच्या कायद्यात प्रमाणभूत क्षेत्र असतं ना, याहून लहान झालं तरच तुकडा म्हणायचं, तसंच हे.

आणि मग एसएसडी आली. तिच्यात तबकडी नाही, दांडी नाही. कुठलाही भाग उचलायला साधारण ०.१ मिलिसेकंद. ती दोन हजार तुकड्यांची फाइल, जिला ३० सेकंद लागत होते, तिला पाव सेकंदही नको. शिवाय या चिपांवर लिहिण्याला मर्यादा असते, लिहून लिहून त्या झिजतात. म्हणजे एसएसडीवर जुन्या पद्धतीचं डिफ्रॅग मारणं म्हणजे फायदा नाही आणि वर झीज. २००९ च्या विंडोज ७ ने एसएसडी ओळखून ठरलेलं डिफ्रॅग बंद ठेवायला सुरुवात केली, २०१२ च्या विंडोज ८ ने त्या खिडकीचं नावच बदलून 'ऑप्टिमाइझ' केलं. यंत्राला जे समजलं ते क्लासच्या नोट्सपर्यंत पोचायला वेळ लागला. २०१५ नंतरही नव्या एसएसडीवर बाहेरून डाउनलोड केलेलं डिफ्रॅग सॉफ्टवेअर दर शनिवारी चालवणारे मी बघितलेत, आणि अभिमानाने सांगणारे.

बड्या लोकांचंही फार वेगळं नसतं. मोठ्या डेटाबेसमध्येही तुकडे पडतात, इंडेक्समध्ये. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा नियम जगभर पाळला जायचा: तुकडे ५ टक्क्यांच्या वर गेले तर नीटनेटकं करा, ३० टक्क्यांच्या वर गेले तर नव्याने बांधा. ज्यांनी हे आकडे दिले त्या पॉल रँडल यांनी नंतर स्वतःच सांगून टाकलं की ते आकडे त्यांनी अंदाजाने ठरवले होते. लोकांना काहीतरी आकडा हवा होता, म्हणून दिला. जगभरचे डेटाबेस सांभाळणारे रात्री जागून त्या अंदाजाची पूजा करत होते.

आता हिवरे बाजार. गाडीत मित्राच्या प्रश्नावर मी गप्प झालो तो यामुळेच. आम्ही आत्ताच जे गाव बघून निघालो होतो ते नगर तालुक्यातलं, वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं, तोही भरवशाचा नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे सगळं पुस्तकांत आहे, परत सांगत नाही. तिथे डोंगरावर जे चर खोदलेत त्यांना सलग समतल चर म्हणतात. सलग हा शब्द ऐकला की माझ्यातला डिफ्रॅगवाला जागा होतो. मध्ये सोडून सोडून खोदलेल्या चरांच्या फटींतून पाणी माती घेऊन पळतं.

पण मला तिथे जे लागलं ते चर नव्हेत, हिशोब. गावात पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, मग बसून ठरवतात: माणसांना पिण्यासाठी एवढं, जनावरांना एवढं, उरलं त्यात कुठलं पीक परवडेल. कमी पावसाच्या साली जास्त पाण्याचं पीक घ्यायचं नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. दुष्काळी भागातला नेहमीचा क्रम उलटा असतो: विहीर आटली, बोअर घ्या, तीही आटली, आणखी खोल घ्या. मोजत कोणी नाही, कारण मोजलं की कळतं, आणि कळलं की कोणाला तरी नको ते सांगावं लागतं. मी त्या साहेबांना दुसऱ्यांदा सांगितलं नाही, तसं.

म्हणून मित्राला म्हटलं, डिफ्रॅग नंतर. आधी मोज. त्याला तीन गोष्टी सांगितल्या, तुम्हालाही सांगतो; तुमच्या शाळेत, सोसायटीत, तलाठी कार्यालयात करून बघा. उतारा निघत नसेल तेव्हा तीच वेबसाइट त्याच वेळी मोबाइलच्या नेटवर उघडायची. तिथेही अडकली तर दोष तुमच्या यंत्राचा नाही, पलीकडच्या सर्व्हरचा आहे, आणि तुमच्या डिस्कचे तुकडे जोडून पलीकडचा सर्व्हर पळत नाही. मोबाइलवर झटकन उघडली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के ते कागदावर लिहायचं. मग ऑप्टिमाइझच्या खिडकीत जाऊन फक्त बघायचं की डिस्क फिरणारी आहे की एसएसडी, आणि फिरणारी असेल तर तुकडे किती टक्के. दाबायचं काही नाही.

त्याने खरंच केलं. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला, नमुन्याच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने लिहिलेले आकडे. मोबाइलवर साइट चालते. मेमरी चार जीबी, ९१ टक्के भरलेली. डिस्क फिरणारी, १०० टक्के व्यस्त. तुकडे ३ टक्के.

तीन टक्के. म्हणजे डिफ्रॅगला तिथे करायला कामच नाही. चार जीबीत आजचं विंडोज आणि अँटिव्हायरस मावत नाही, म्हणून ते सगळं फिरत्या डिस्कवर ओतलं जातंय. २००४ ची तीच गोष्ट, आकडे फक्त फुगलेले. एक छोटी एसएसडी आणि चार जीबीची आणखी एक पट्टी घातली की यंत्र अजून चार-पाच वर्षं चालेल. मी त्याला कागद लिहून दिला, वर आकडे, खाली मागणी, आणि सांगितलं मासिक सभेत ठेव. आकड्यांसकट ठेव, नुसतं "स्लो आहे" म्हणू नको. या वेळी बिल माझं नव्हतं, त्यामुळे सांगणं सोपं गेलं हेही कबूल करतो.

काल रात्री त्याचा मेसेज आला. विषय सभेत आला, चर्चा झाली, कागद सगळ्यांनी वाचला. खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा यावर थोडा वेळ गेला. मग एक जुने सदस्य म्हणाले, आमचा पोरगा एमएस-सीआयटी झालाय, तो म्हणतो डिफ्रॅग केलं की फुकटात होतं.

"मग?" मी विचारलं.

"पुढच्या सभेपर्यंत ते करून बघायचं ठरलंय. सकाळपासून लावलंय दादा. बाहेर दोघंजण उताऱ्यासाठी थांबलेत."